ठिपक्याची वाटी

विमला : तो लॅपटॉप उचल आधी तिथनं. मला भांडी मांडायचीयत.

श्रुतिका : आई, अख्खा हॉल रिकामा पडलाय. अकराव्या मजल्यावर राहायला आलीस तरी चाळीची सवय जात नाही. सगळं एका कोपऱ्यात!

विमला : त्याच कोपऱ्यात ऊन येतं. उन्हात धरल्याशिवाय भांड्यावरचं नाव वाचता येत नाही. चाळ पाडून ही बिल्डिंग होईपर्यंत चार वर्षं मानखुर्दच्या त्या खोलीत खोक्यात कोंडून होती, काळी पडलीत बघ.

दशरथ : आणि ह्या चेडवाचा तोंड कित्याक काळा पडला? ह्या खंय खोक्यात होता?

श्रुतिका : काही नाही हो आबा.

विमला : बापाला काही नाही कसं सांगतेस? सकाळपासून दोनदा चहाला नको म्हणालीस. तू चहाला नको म्हणतेस म्हणजे वाट लागलेली असते.

श्रुतिका : लागलीच आहे. आज पाच वाजेपर्यंत कॉन्फरन्सला एक पान पाठवायचंय. माझ्या तीन वर्षांच्या कामाचं. सगळ्यात वर माझं नाव.

विमला : मग झकासच की! मी तर सुहासिनीताईंना सांगूनसुद्धा टाकलं, आमच्या श्रुतिकाने पवईच्या लॅबमध्ये पेशींचे दोन गट शोधून काढले म्हणून.

श्रुतिका : कोणी सांगितलं होतं सांगायला? म्हणजे आता अख्ख्या बिल्डिंगला माहीत.

विमला : त्यात लपवण्यासारखं काय आहे?

श्रुतिका : ते गट खोटे आहेत, आई.

विमला : खोटे म्हणजे? तू खोटं केलंस?

श्रुतिका : नाही गं! चुकलं. काल संध्याकाळी कळलं. आणि माझ्या गाईडना, अनुपमा मॅडमना, अजून सांगितलेलं नाही.

दशरथ : थांब थांब. माका पयल्यापासून सांग. माका कळला तर तुझ्या मॅडमक पण कळात.

श्रुतिका : आबा, प्रत्येक पेशीत जवळजवळ दोन मीटर लांबीचा धागा असतो. दिसायचा पण नाही इतका बारीक. तो दुमडून, गुंडाळून आत कोंबलेला असतो.

दशरथ : सूत. कळला. फुडे.

श्रुतिका : मेंदूत वेगवेगळ्या जातीच्या पेशी असतात. धागा सगळ्यांत तोच. पण एका जातीच्या पेशीत तो एका तऱ्हेने दुमडलेला, दुसऱ्या जातीत दुसऱ्या तऱ्हेने. म्हणजे धाग्याचा कुठला भाग कुठल्या भागाला चिकटून बसलाय, ते बदलतं. माझ्याकडे उंदराच्या मेंदूतल्या सहाशे वीस पेशी आहेत. कोणाची दुमड कोणासारखी ते बघून त्यांचे गट पाडायचे. एवढंच माझं काम.

विमला : एवढंच म्हणे. आणि चुकलं कुठे?

श्रुतिका : एकेका पेशीतून माहिती फार थोडी हाती लागते. हा भाग त्या भागाला चिकटलाय, अशा शंभर जोड्या असतील तर दोन-चार सापडतात. बाकी सगळी शून्यं. आणि नशीब असं की काही पेशींतून बऱ्यापैकी सापडतात, काहींतून अगदीच कमी. मी गट पाडले, दोन छान, स्वच्छ गट पडले. मॅडम खूश. काल सहज म्हणून त्यांना रंग दिले, ज्यातून जास्त जोड्या सापडल्या त्या पेशींना लाल, कमी त्यांना निळा. तर एक गट सगळा लाल आणि दुसरा सगळा निळा.

दशरथ : म्हणजे जाती खंयच्या? तू बडबडे एका बाजूक बसवलंस आणि गप्पे दुसऱ्या बाजूक.

श्रुतिका : बरोब्बर आबा. अगदी तेच.

दशरथ : बघ. गिरणीत बत्तीस वर्सा उगाच नाय काढलंय.

विमला : आता तुम्ही फुशारकी मारू नका, पोरगी रडायला आलीय. अगं, मग ते कमी-जास्त सारखं करून घेता येत नाही का?

श्रुतिका : केलं ना! एकूण आकड्याने भागलं. पण शून्याला कशानेही भाग, शून्यच राहतं. लॅबमधला शौनक म्हणाला, जाऊ दे यार, ज्यांच्यात काही सापडत नाही त्या पेशी फेकून दे. दोनशे दहा आहेत तशा. मॅडमचंही आधीपासून तेच म्हणणं, कमी माहितीच्या काढून टाक, चित्र स्वच्छ दिसेल.

विमला : मग दे फेकून. सगळेच सांगतायत तर.

श्रुतिका : आणि त्यातच एखादी वेगळी जात असली तर? कायमची गेली ना ती! म्हणून मी ठरवलंय, पाच वाजता मेल करायची. पान थांबवते, आणि हा विषयसुद्धा सोडते. दुसरा काहीतरी सोपा द्या म्हणावं. तीन वर्षं गेली ती गेली.

विमला : एकदम विषय सोडायचा?

श्रुतिका : मला जमत नाहीये आई. खरंच जमत नाहीये.

विमला : हे बघ, पाच वाजायला अजून पाच तास आहेत. तोवर माझ्यासोबत भांडी लाव. हात कामात असले की डोकं जागेवर येतं. ही घे, ह्याच्यावरचं नाव वाच.

श्रुतिका : "सौ. सुहासिनी नंदकुमार प्रधान." हे त्यांचं कितवं?

विमला : बारावं. एकतीस परकी भांडी निघाली आपल्या खोक्यांतनं, त्यातली बारा तिची.

श्रुतिका : बारा? आपलं एवढं येणंजाणं होतं त्यांच्याकडे?

विमला : कुठलं? ती राहायची जिन्याजवळ, आपण दुसऱ्या टोकाला. अगं, ती प्रत्येक सणाला ताटं भरभरून चाळभर वाटायची आणि परत मागायची विसरायची. चाळीत कोणाचंही कपाट उघड, तिची पाच-सहा भांडी निघणारच. भांडी जास्त म्हणून ती काय जवळची झाली?

श्रुतिका : हं.

विमला : ही बघ, ही भंगारात टाकते. पोचा पडलाय, आणि नाव पण नाही.

दशरथ : दाखव बघू. खाली ठिपको आसा गो.

विमला : ठिपका काय कामाचा आबा? ठिपक्यावरून मालक थोडाच सापडतो? नाव घालायलासुद्धा जिला जमलं नाही, ती कशाला शोधत येतेय आपली वाटी?

श्रुतिका : थांब. टाकू नकोस.

विमला : का गं?

श्रुतिका : माझ्या दोनशे दहा पेशींसारखीच झाली की ही. नाव नाही, माहिती नाही, टाक भंगारात. ही निघाली कुठल्या खोक्यातनं?

विमला : त्या गोणपाटात बांधलेल्या. सीतारामभाऊंच्या पातेल्यात होती. वर शिवदासांकडचं झाकण घातलेलं, आत घट्ट अडकलेली. म्हणून तर पोचा पडला असेल.

श्रुतिका : सीतारामकाका आणि शिवदासकाका. म्हणजे खोली सतरा आणि एकोणीस.

विमला : हो. मग?

श्रुतिका : दोघांच्या मध्ये कोण राहायचं?

दशरथ : अठरा. धोंडू.

विमला : अगं बाई. अस्मिता!

श्रुतिका : धोंडूकाकांच्या अस्मिताकाकू? त्या कधी बोललेल्या मला आठवतच नाहीत.

विमला : बोलायचीच नाही ती. गावाहून आली तेव्हापासून तशीच. तोंडातनं शब्द म्हणून निघायचा नाही. पण तुला गोवर आला होता ना, तेव्हा पंधरा दिवस रोज ह्याच वाटीतनं पेज यायची. मी दार उघडेपर्यंत उंबऱ्याशी ठेवून गेलेली असायची. आणि मी बया तीच वाटी भंगारात टाकत होते. चुकलेच मी.

दशरथ : मी बोललेलंय, ठिपको आसा म्हणान.

विमला : हो, बोललात. कोणाचा ते नाही बोललात!

श्रुतिका : आई, एक मिनिट. एकच मिनिट गप्प बसा दोघं.

विमला : काय झालं?

श्रुतिका : समज, एक पेशी म्हणजे एक चाळ. माझ्याकडे सहाशे वीस चाळी आहेत. खोल्यांचे नंबर सगळीकडे तेच, पण शेजार वेगळा. एका चाळीत सतराच्या बाजूला अठरा, दुसऱ्या चाळीत सतराच्या बाजूला चाळीस. मला शेजार दिसत नाही, फक्त कोणाची वाटी कोणाकडे सापडली ते दिसतं. आणि वाट्या फार थोड्या.

दशरथ : आणि एखाद्या चाळीत सुहासिनी ऱ्हवता, थंय भांडीच भांडी.

श्रुतिका : हो! आणि मी काय केलं, जिथे भांडी खूप सापडली त्या चाळी एकीकडे आणि कमी सापडली त्या दुसरीकडे. शेजार बघितलाच नाही. पण आत्ता तू काय केलंस? अठराचं नाव कुठेच नव्हतं. सतरा सापडली, एकोणीस सापडली, त्यावरून मधली रिकामी जागा भरून काढलीस.

विमला : मी कुठे, तूच विचारलंस मध्ये कोण म्हणून. आणि त्यात मोठंसं काय? वाटी काय एका जागी बसते? आपल्याकडनं खीर घेऊन सीतारामकडे गेली, तिथनं त्यांची भाजी घेऊन अस्मिताकडे, तिथनं अजून कुठे. दोन-तीन घरं फिरते आणि परत आपल्या घरी येते.

श्रुतिका : परत येते?

विमला : न येऊन सांगते कोणाला? नाहीतर प्रत्येकाची वाटी प्रत्येकाकडे जाऊन बसेल. मग कोण कोणाच्या शेजारचं, कळेल का कोणाला?

श्रुतिका : आई गं! हे तर... सापडलेली माहिती अशी शेजारीपाजारी फिरवायची, हे मला माहीत होतं. पुस्तकात आहे, सगळेच करतात. मी पण गेल्या वर्षी केलं होतं. पण मी फिरवतच गेले. परत घरी आणलंच नाही नीट. सगळ्या पेशी एकसारख्या दिसायला लागल्या, म्हणून कंटाळून तो मार्गच सोडला.

विमला : मग आता आण परत.

श्रुतिका : आणते. पण तरी ती लाल-निळ्याची भानगड राहतेच. जिथे मुळात वाट्या जास्त, तिथे फिरवल्यावरही जास्तच दिसणार.

दशरथ : सुहासिनी थंय पण फुडे.

विमला : कशी फुडे? माझ्या हळदीकुंकवाला नाही चालायचं ते. सुहासिनी तासभर बसून दोन्ही हातांनी बोलते, तिला वाण किती? एक. अस्मिता दाराशी उभी राहून जाते, तिला किती? एक. वाण सगळ्यांना सारखं. किती बोललीस ते बघून देत नाही कोणी.

श्रुतिका : सगळ्यांना सारखं.

विमला : मग काय!

श्रुतिका : म्हणजे आधी फिरवून रिकाम्या जागा भरायच्या. मग प्रत्येक चाळीतून सारखंच घ्यायचं. सगळ्यात घट्ट शेजाराच्या ठरावीक जोड्या, तेवढ्याच. वाट्या किती होत्या ते विसरून जायचं. जोडी आहे की नाही, एवढंच. आई, तो लॅपटॉप दे.

विमला : आत्ताच उचलायला लावला ना मी?

श्रुतिका : दे गं! आणि चहा टाक.

विमला : बघितलंत आबा? चहा मागितला. म्हणजे जमतंय.

श्रुतिका : जमतंय की नाही माहीत नाही. आणि हे कोणीतरी आधी केलेलं असणारच, मी काही शोध लावलेला नाही. पण माझ्या पेशींवर, ह्या क्रमाने, मी नव्हतं केलं. आधी धाग्याच्या एकाच तुकड्यावर, म्हणजे एकाच गुणसूत्रावर चालवून बघते. सगळ्यात छोट्या.

दशरथ : किती वेळ लागात?

श्रुतिका : तुमचं जेवण आणि वामकुक्षी होईपर्यंत.

दशरथ : मी आज निजणंय नाय. मी हयसरच बसतंय.

(जेवणं झाली आहेत. उन्हाचा पट्टा भांड्यांवरून सरकून भिंतीपाशी गेला आहे. दशरथ खुर्चीतच घोरतो आहे.)

विमला : किती वाजले गं?

श्रुतिका : सव्वातीन. हळू बोल, आबांना उठवू नकोस.

दशरथ : मी जागोच आसंय. काय झाला?

श्रुतिका : चित्र आलंय. अजून रंग दिलेले नाहीत. भीती वाटतेय.

विमला : दे गं रंग. त्याला काय भ्यायचं?

श्रुतिका : लाल आणि निळे वेगळे दिसले, तर पुन्हा बडबडे आणि गप्पेच. मग मात्र मी खरंच सोडणार.

दशरथ : दी म्हणतंय ना!

श्रुतिका : दिले.

विमला : ह्यात तर सगळं मिसळलेलं दिसतंय. लालात निळं, निळ्यात लाल. बिघडलं का?

श्रुतिका : नाही आई.

विमला : मग रडतेस का?

श्रुतिका : असंच दिसायला हवं होतं. गट पडलेत, आणि प्रत्येक गटात बडबड्याही आहेत, गप्पही आहेत. आणि हे बघ, एका प्लेटमधल्या शहाण्णव पेशी कुठल्या जातीच्या ते आधीपासून ठाऊक आहे. त्या मी मुद्दाम बाजूला ठेवल्या होत्या, पडताळ्याला. त्यातल्या एकोणऐंशी आपापल्या जातीत जाऊन बसल्यात. आधी निम्म्यासुद्धा बसत नव्हत्या.

दशरथ : आणि ही खालची चिमूटभर कोण? बाजूक बसली ती?

श्रुतिका : कुठली?

दशरथ : ही गो. कोपऱ्यातली.

श्रुतिका : थांबा, मोजते. चौदा आहेत. चौदाच्या चौदा निळ्या. आबा, ह्या सगळ्या त्या फेकायच्या दोनशे दहामधल्या!

विमला : ह्यापण निळ्याच? म्हणजे परत गप्प्यांचाच गट?

श्रुतिका : नाही ना. गप्प म्हणून एकत्र आल्या असत्या तर बाकीच्या एकशे शहाण्णव गप्प पेशीपण इथेच असत्या. त्या तर सगळीकडे पसरल्यात. ह्या चौदाच वेगळ्या बसल्यात. ह्यांचा शेजारच वेगळा आहे.

विमला : म्हणजे नवीन जात?

श्रुतिका : असेल. नसेलही. एकाच गुणसूत्रावर बघितलंय, अजून सगळी बघायची, महिने जातील. पण फेकायच्या नव्हत्या ह्या, आई. एवढं नक्की.

विमला : मग आता लिही तुझ्या मॅडमना.

श्रुतिका : काय लिहू? खूप लाजिरवाणं आहे गं. त्यांनी सगळ्या विभागात सांगितलंय त्या दोन गटांबद्दल.

विमला : मी सुहासिनीला सांगितलं, त्यापेक्षा वाईट आहे का ते? खरं ते लिही. चुकलं तर चुकलं म्हणायचं. मी नाही का म्हटलं आत्ता?

श्रुतिका : ऐक हं. "मॅडम, दोन गटांचा निकाल चुकीचा होता. तो जातींचा फरक नव्हता, माहिती कमी-जास्त असण्याचा होता. हे मला काल कळलं, कालच सांगायला हवं होतं. आजचं पान मी थांबवत आहे. कमी माहितीच्या पेशी फेकल्या नाहीत. त्यातल्या चौदा वेगळ्या बसल्या आहेत. चित्र जोडलं आहे. हा विषय मला करायचा आहे."

दशरथ : सोडूचो नाय ना?

श्रुतिका : नाही आबा.

दशरथ : मगे धाड.

श्रुतिका : धाडली. आता उत्तराची वाट बघत बसवणार नाही मला.

विमला : बसवत नसलं की चालायला जावं. ती वाटी घेऊन खाली सहाव्या मजल्यावर जा. अस्मिता परवाच आलीय राहायला, चेंबूरहून. सहाशे चार.

श्रुतिका : मी? मला काय बोलायचं ते कळत नाही त्यांच्याशी.

विमला : तिलाही कळत नाही. जमेल तुमचं. थांब, रिकामी नेऊ नकोस, खीर घालून देते. अशी घासूनपुसून लख्ख केलीय बघ, ठिपका कसा चमकतोय.

श्रुतिका : आणि काहीच नसेल घरात तर काय घालतात गं?

विमला : चिमूटभर साखर. पण रिकामी नाही. जा आता. ए, फोन घेऊन जा!

श्रुतिका : नको. मॅडमचं उत्तर आलं तर इथेच येऊ दे.

दशरथ : विमला, वाजला बघ काय तरी.

विमला : फोन वाजला तिचा. मॅडमचंच दिसतंय. वाचू का? नको, तिचं आहे ते.

दशरथ : वाच गो! काळजीन माझो जीव जातलो.

विमला : "आधी चिडले. मग चित्र पाहिलं. पान थांबवलंस ते योग्य. उद्या दहाला ये. त्या चौदा घेऊन ये."

दशरथ : घेऊन ये म्हणाली? चौदांका?

विमला : हो आबा.

दशरथ : माझा चेडू ता. पण गेल्याक किती वेळ झालो? एक वाटी देवक?

विमला : आली, आली, दार वाजलं. काय गं, इतका वेळ? मॅडमचं उत्तर आलंय, उद्या दहाला बोलावलंय. त्या चौदा घेऊन ये म्हणाल्यात.

श्रुतिका : खरंच? दाखव. दाखव ना! ...चिडल्या म्हणे आधी.

विमला : चिडणारच. पण घेऊन ये म्हणाल्या ना! आणि हे हातात काय? वाटी परत घेऊन आलीस?

श्रुतिका : ती नाही ही. बघ ना, उलटी करून नाव वाच.

विमला : "विमला दशरथ..." अगं, ही माझी. लग्नातली. ही तर मी हरवली म्हणून बसले होते.

श्रुतिका : त्यांच्या खोक्यात होती. चार वर्षं. कागदात गुंडाळून ठेवलेली. आत सामान अजून बांधलेलंच आहे सगळं, गॅससुद्धा लावलेला नाही. तरी थांबवलं मला, खोका उघडून शोधली.

विमला : काय म्हणाली?

श्रुतिका : ठिपका बघितला. बोटाने पुसला. मग म्हणाल्या, "आईला सांग." एवढंच.

विमला : काय सांग?

श्रुतिका : वाटी हातात दिली माझ्या.

विमला : रिकामी?

श्रुतिका : नाही. साखर आहे.

विमला : कळलं मला.